तळीत रुसली, दोणीत फुलली

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या काकींचा फोन आला तो एप्रिल २०२५ मध्ये, भर दुपारी. "अरे, तू ते कमळांचं बघतोस ना? आमची पाच होती, चार उरलीत. लाल गेलं. त्याच्या मातीला असा वास येतोय की जेवण जाईना." बरे आहात ना वगैरे विचारपूस त्यानंतर झाली.

काकी कमळ म्हणत होत्या, पण होती ती कुमुदं. कोंकणीत दोन्हींना साळकच म्हणतात, त्यामुळे चूक त्यांची नव्हे. कमळाचं पान पाण्याच्या वर उठून छत्रीसारखं उभं राहतं आणि अखंड गोल असतं. कुमुदाचं पान पाण्यावर पडून राहतं आणि देठापर्यंत त्याला एक चीर असते. काकींच्या मुलाने पुण्याहून मागवून दिलेली ही पाचही ‘हार्डी वॉटर लिली’ म्हणून आली होती. नर्सरीवाले हार्डी म्हणतात ते थंडीपुरतं. युरोपात, उत्तर अमेरिकेत तळ्यावर बर्फ धरतो तेव्हा या झाडांचा कंद खाली चिखलात झोपून राहतो आणि वसंतात पुन्हा पानं काढतो. उन्हातान्हात, पावसापाण्यात काहीही केलं तरी टिकेल असा त्याचा अर्थ नाही. काकींच्या घरी मात्र तो तसाच घेतला गेला होता.

मी काही कृषी अधिकारी नाही. फोंड्याला गच्चीवर आणि अंगणात बरीच वर्षं कुमुदं लावतो, मारतो, पुन्हा लावतो, एवढीच माझी पात्रता. हे प्रकरण मांडून ठेवावंसं वाटलं ते यासाठी की एकाच कंदाचे दोन तुकडे एकाच घरात दोन जागी वाढले होते, आणि त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

जागा

घर कुळागराच्या कडेला. मागे सुपारीच्या रांगा, मध्ये मिरीचे वेल, केळी, एक जुनं भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, झाड. वरच्या डोंगरातून झरीचं पाणी पाटाने येतं, चिऱ्यांनी बांधलेल्या तळीत पडतं, तळी भरली की पुढे पाटाने सुपारीला जातं. तळी आठ फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल. पाणी इतकं नितळ की तळाचा चिरा मोजावा. ही तळी बघूनच मुलाच्या डोक्यात कुमुदांची कल्पना आली होती, आणि खरं सांगायचं तर ती बघून कुणाच्याही डोक्यात तीच येईल.

पार्सल आलं डिसेंबरात. पिवळं, पांढरं, दोन गुलाबी, एक लाल. पिवळ्यावर ‘क्रोमाटेला’ आणि लालवर ‘अट्रॅक्शन’ अशी चिठ्ठी होती, बाकीच्यांवर फक्त रंग. काकांनी पाच टब आणले. अर्धं कुजलेलं शेणखत, अर्धी बागेतली तांबडी माती, वर मूठभर निंबोळी पेंड. सुपारीच्या रोपाला जो मान देतात तोच. कंद मधोमध खड्डा करून आल्यासारखे पुरले, वर माती दाबली, आणि टब तळीच्या तळाशी ठेवले. म्हणजे कंदावर जवळजवळ तीन फूट पाणी.

पार्सल उघडताना एका गुलाबीच्या कंदाचा बोटभर तुकडा मोडून पडला होता. तो टाकवेना म्हणून काकींनी अंगणातल्या दोणीत खोचला. गोठा बंद होऊन दहा वर्षं झाली, पण गुरांना पाणी पाजायची ती दगडी दोण तशीच पडून आहे: चार फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल. तळाला घालायला काकींनी खालच्या वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर भात घ्यायच्या, शेतातला दोन घमेली चिखल आणला, कारण तो जवळ होता. शेणखत संपलं होतं.

मी गेलो तेव्हा त्या दोणीत नऊ पानं होती आणि एक फूल उघडलेलं होतं. तळीत एकही पान पाण्याच्या वर नव्हतं. खाली, तीन फुटांवर, सलाडच्या पानासारखी पातळ, चुरगळलेली, पिवळट पानं हलत होती.

माझं पहिलं निदान, जे चुकलं

मी तळीत हात घातला. एप्रिलच्या उकाड्यात तो स्पर्श इतका गार होता की मी लगेच बोलून मोकळा झालो: "पाणी थंड आहे, काकी. झरीचं पाणी यांना मानवत नाही." काकांनी मान डोलावली. काकी काही बोलल्या नाहीत, पण आत जाऊन मुलाचा जुना माशांच्या टाकीचा थर्मामीटर घेऊन आल्या. तळीत पंचवीस अंश. दोणीत, दुपारी तीनला, चौतीस.

पंचवीस अंश म्हणजे हार्डी लिलीला सोन्यासारखं पाणी. फ्रान्समध्ये लातूर-मार्लियाक या रोपवाटिकावाल्याने ज्या पाण्यात आपले हार्डी लिलींचे संकर वाढवले ते याहून गार असणार. जे झाड बर्फाखाली झोपतं त्याला झरीचं पाणी थंड लागेल, असं मी कसं म्हणालो कोण जाणे. हाताला गार लागलं एवढंच खरं होतं. थर्मामीटरचा उपाय काकींच्या डोक्यात आला आणि माझ्या आला नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

मग आम्ही टब वर काढले. काकांनी आणि त्यांच्याकडे सुपारी पाडायला येणाऱ्या गड्याने मिळून एकेक टब कडेला आणला. लालचा टब येताच वास पसरला, सडक्या अंड्याचा. मातीचा रंग वर तांबडा, दोन इंचांखाली काळा. कंद बोटांनी दाबला तर दह्यासारखा फुटला. पांढऱ्याचा कंद मागच्या टोकाला मऊ, पुढे टणक. पिवळ्याचा बरा. गुलाबीचा, म्हणजे दोणीतल्या तुकड्याच्या थोरल्या भावाचा, टणक पण मुळं तोकडी आणि काळी.

निरोगी कंद हातात घेतला की अळकुडीसारखा कडक लागतो आणि कापला की आत पांढरा किंवा फिकट पिवळा निघतो. मऊ लागला, आत तपकिरी दिसला, वास आला, की तेवढा भाग गेला. तो टणक मांसापर्यंत कापून टाकायचा, प्रत्येक कापानंतर सुरी पुसायची, आणि राहिलेला तुकडा स्वच्छ पाण्यात सावलीत तीन-चार दिवस ठेवून बघायचा. कापलेली बाजू पुन्हा मऊ पडली नाही तरच लावायचा. लालमध्ये कापायला काही उरलंच नव्हतं.

शेणखताने काय केलं

काकांना हे पटवणं सगळ्यांत अवघड गेलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं शेणखतावर कुळागर उभं केलं त्याला शेणखताने झाड मारलं असं सांगणं म्हणजे तोंडावर अपमान. पण कुमुदाचा कंद पाण्याखालच्या चिखलात असतो, जिथे हवा जवळजवळ पोचत नाही. त्याला लागणारा प्राणवायू वरून येतो: पानांत शिरलेली हवा देठातल्या पोकळ नळ्यांतून कंदापर्यंत उतरते. देठ आडवा कापून बघा, आत नळ्यांची जाळी दिसते. शेणखतातला कुजणारा माल त्याच चिखलात बसून असलेला नसलेला प्राणवायू खातो, आणि मग ज्यांना प्राणवायू लागतच नाही असे जिवाणू तिथे माजतात. सडक्या अंड्याचा वास त्यांचाच. वरून पानं पाण्यावर पोचलेलीच नाहीत, म्हणजे हवा उतरायचा मार्गही बंद. कंद खाली गुदमरत होता.

"म्हणजे बाहेर जे कुजतं ते चांगलं, आणि पाण्यात कुजतं ते वाईट?" काकांनी विचारलं. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

तांबड्या मातीचीही एक गोष्ट आहे. आपली जांभ्याची माती लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली, आणि ती स्फुरद धरून बसते, झाडाला सहज सोडत नाही. सुपारीच्या मुळांना पसरायला जागा असते. टबातल्या कुमुदाला नसते. वायंगणी शेतातला चिखल त्यामानाने गाळाचा, जड, चिकट. मुठीत वळला तर लाडू होतो, पाण्यात विरघळून वर तरंगत नाही. काकींनी तो निवडला नव्हता, जवळ होता म्हणून आणला होता. फक्त एक सांभाळायचं: खाजन शेतातला चिखल आणू नये. तो दिसायला अगदी असाच असतो, पण खाऱ्या पाण्याचा. माझे दोन टब मी त्यातच घालवलेत.

ऊन मोजायचं कसं

पण शेणखत हेच कारण असतं तर टणक कंदांनी तरी फुलायला हवं होतं. पिवळा टणक होता. गुलाबी टणक होता. दोघांनाही कळी नव्हती.

मी काकींना सांगितलं, एक दिवस सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला तळीच्या कडेला जा आणि दोणीकडे जा, आणि कालनिर्णयच्या मागे फक्त ‘ऊन’ किंवा ‘सावली’ लिहा. उन्हाचे तुकडे पडले असले तर ‘सावली’ लिहा. माणसाला आपल्या अंगणातल्या उन्हाचा अंदाज नेहमी जास्तच असतो. काकींना विचारलं होतं तेव्हा "तळीवर चार-पाच तास तरी असेल" म्हणाल्या होत्या. कालनिर्णयने सांगितलं, दीड तास. बारा ते दीड, सूर्य सुपारीच्या दोन रांगांच्या मधोमध आला की तेवढाच. दोणीवर साडेसहा तास.

कुमुदाला फुलायला रोज सहा तास थेट ऊन हवं, पाच चालेल, चारवर काही मोजक्या जाती थोडंफार देतात. त्यात तीन फूट पाणी. पान वर आणायला कंदाला आपल्यातली साठवण खर्चून देठ लांबवत राहावं लागतं, आणि वर पोचल्याशिवाय कमाई सुरू होत नाही. आमच्या चार टबांत ती शर्यत हरलेली दिसत होती. पाटाचं पाणी तळीत जिथे पडतं त्याच्या बाजूला पिवळ्याचा टब होता, म्हणजे त्याला वरून धारही. कुमुदाला हलतं पाणी, पानांवर उडणारे शिंतोडे सोसत नाहीत. कारंज्याशेजारी लिली लावणाऱ्यांचा हा कायमचा अनुभव आहे.

प्रयोग

आता माझ्यातल्या शाळकरी विज्ञानप्रेमीने उचल खाल्ली. म्हटलं, चार टब आहेत, प्रत्येकात एकच गोष्ट बदलू. काका हसले, पण शेणखताच्या बाजूने साक्ष द्यायची संधी मिळतेय म्हणून तयार झाले. दोन निळी पिंपं आडवी कापून चार अर्धी पिंपं झाली, प्रत्येक साधारण दीड फूट उंच. त्यातली तीन अंगणात, दोणीशेजारी.

पिवळा तळीतच ठेवला, पण पाटाच्या धारेपासून लांबच्या कोपऱ्यात, खाली चिरे रचून कंदावर फक्त एक फूट पाणी येईल असा. माती नवी, वायंगणी. पांढऱ्याचा सडका भाग कापला आणि काकांच्या आग्रहाखातर तो जुन्याच शेणखताच्या मातीत, पण उन्हातल्या पिंपात. गुलाबी नव्या चिखलात, उन्हात.

चौथा, दुसरा गुलाबी, याचं मला काही कळेना. कंद आडवा नव्हताच. सुपारीएवढा गोळा, त्याच्या माथ्यावरून तीन पानं. पानांची कड करवतीसारखी दातेरी. हार्डीच्या पानाची कड गुळगुळीत असते. म्हणजे विकणाऱ्याने हार्डी म्हणून दुसऱ्याच गटातलं, उष्ण प्रदेशातलं कुमुद पाठवलं होतं. मुद्दाम की चुकून, ते त्यालाच ठाऊक. तोही नव्या चिखलात, उन्हात.

लावणीची पद्धत बदलली ती एवढी: टब चौदा इंच रुंद, आठ इंच खोल. हार्डीचा कंद आडवा वाढत जातो, म्हणून त्याचं मागचं, कापलेलं टोक टबाच्या कडेला टेकवायचं आणि वाढतं टोक मध्याकडे करून जरा वर उचललेलं ठेवायचं, म्हणजे त्याला पुढे चालायला सगळा टब मोकळा मिळतो. वाढतं टोक मातीबाहेर दिसलं पाहिजे. वर धुतलेल्या बारीक खडीचा थर, टोक सोडून. सुरुवातीला कंदावर वीतभरही नको इतकंच पाणी, पानं तरंगू लागली की हळूहळू पिंप भरेपर्यंत. खत तीन आठवड्यांनी: डीएपीचे दहाएक ग्रॅम वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत बांधून, बोटाने कंदापासून लांब, चिखलात खोल खुपसायचे, आणि भोक दाबून बंद करायचं. ते वर राहिलं तर पाणी चार दिवसांत हिरवं होतं. काकांच्या पांढऱ्याला अर्थातच खत नाही, त्याच्याकडे होतंच.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकांचा विजय झाला. पांढऱ्याला सात पानं, गुलाबीला चार. काकांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्याचं पाणी मुगाच्या कढणासारखं झालं, पानं बशीवरून वाटीएवढी झाली, आणि एक कळी पाण्याखालीच काळी पडली. गुलाबीला त्याच आठवड्यात पहिली कळी दिसली. दातेरी पानांच्या पाहुण्याने तोवर बारा पानं काढून सगळ्यांवर कुरघोडी केली होती.

इथे प्रयोग थांबला, कारण २०२५ साली पाऊस मे संपायच्या आधीच गोव्यात पोचला. सहा आठवडे मिळाले. शिवाय जाती वेगवेगळ्या, पांढरा आधीच आजारी, त्यामुळे कुणी शास्त्रज्ञ याला प्रयोग म्हणणार नाही. मला त्यातून कळलं ते असं: सड शेणखताच्या मातीने आणली होती, आणि फूल उन्हाने अडवलं होतं. दोन वेगळे रोग होते, एकाच टबात बसले होते, म्हणून मी आणि काका दोघंही एकच कारण शोधत होतो. दोणीतल्या तुकड्याला दोन्ही जाच नव्हते. त्याच्या थोरल्या भावाला दोन्ही होते. अंगणात आल्यावर त्याने जूनच्या पहिल्या दिवशी पावसातच फूल उघडलं, धाकट्यासारखंच.

पाऊस

पावसाबद्दल मी एरवी दोन ओळींत उरकलं असतं, पण काकींचे जूनमधले फोन आठवले की उरकता येत नाही. पागोळ्या थेट दोणीवर. पानं फाटली, गुप्पी (डासांच्या अळ्या खाणारे बारके मासे) वाहून अंगणात आल्या. गुप्पी या मेमध्ये आणल्या होत्या, कारण आरोग्य केंद्रातून डेंग्यूची पाहणी करणारे आले आणि दोण व पिंपं उपडी करा म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. डासाची अळी आठवडा-दहा दिवसांत उडू लागते. प्रत्येक भांड्यात पाच-सहा गुप्पी सोडल्या, पुढच्या फेरीला त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि गेले. आता गुप्पी अंगणातून वेचून परत घालायची वेळ आली. उपाय साधा होता. दोण आणि पिंपं पागोळीपासून चार फूट पुढे सरकवली (दोण सरकवायला पाच माणसं लागली), आणि प्रत्येक पिंपाच्या काठाखाली दोन इंचांवर भोक पाडून त्याला जाळी बांधली, म्हणजे जास्तीचं पाणी जातं, मासे राहतात.

जुलैत फुलं थांबली. पानांवर तपकिरी ठिपके आले, मग भोकं. काकींनी कसलं तरी औषध फवारायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं. खाली मासे आहेत, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. झाड कमी कमावतं, कमी राहतं. ठिपकेवालं पान देठासकट खालून काढून टाकायचं, पण एका वेळी दोन-तीनच. सगळी पानं काढली तर कंदाची हवा बंद. पावसाळ्यात खत अजिबात नाही.

या झाडांची खरी अडचण हीच आहे, आणि ती विकणारे सांगत नाहीत. त्यांच्या मुलखात त्यांना हिवाळ्याची सक्तीची झोप असते. गोव्यात पणजीला जानेवारीच्या रात्री पारा वीसच्या आसपास. ती झोपतच नाहीत. वर्षभर वाढत राहतात, टब भरून टाकतात, आणि मग अन्न संपून फुलं लहान होत जातात. तिकडे दोन-तीन वर्षांनी करायची विभागणी इथे वर्षाला करावी लागते. गडद लाल जातींना उन्हाळाही भारी पडतो, पाकळ्या दुपारी भाजल्यासारख्या काळपट होतात. त्यामुळे काकींचं लाल सडलं नसतं तरी फार सुख देणारं नव्हतं, हे मी त्यांना बोललो नाही.

मला आधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आपल्या तळ्यांतलं कुमुद लावा, नाहीतर दातेरी पानांचं उष्ण प्रदेशातलं. ती आपल्या हवेची आहेत. पण लोक विचारतात ते पार्सल आल्यावर.

चवथ

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती. काकींना गणपतीपुढे आपल्या दारची साळकं हवी होती. हार्डींपैकी एकानेही कळी दिली नाही. दातेरी गुलाबीने दोन दिली, देठावर पाण्याच्या वर वीतभर उभी. हार्डीचं फूल बहुतेक पाण्यावर टेकलेलं असतं, हा आणखी एक ओळखायचा फरक. सकाळी नऊला काढली, देवापुढे ठेवली, आणि आरतीच्या वेळी मिटली होती. दिवसा फुलणारं कुमुद सकाळी उघडतं, दुपार कलली की मिटतं, असं तीन-चार दिवस करतं आणि मग पाण्याखाली जातं. तोडल्यावरही त्याचं घड्याळ चालूच असतं. पाकळ्यांच्या बुडाशी वितळलेल्या मेणाचे थेंब सोडले तर फूल उघडं राहतं, सजावट करणारे तसं करतात. मी ते काकींना सुचवलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचं वर्णन नको. "मिटलं तर मिटलं. देवाने सकाळी बघितलं ना?"

पावसानंतर

ऑक्टोबरात ऊन परतलं आणि त्याबरोबर मावा. पानांवर, कळ्यांच्या देठांवर काळसर बारीक दाणे. कीटकनाशकाची गरज नाही: जाळीचा एक तुकडा पानांवर दाबून ती रात्रभर पाण्याखाली ठेवली, सकाळी गुप्पींची पोटं टम्म. दोन वेळा केलं, संपला.

केल्ड्यांचं, म्हणजे माकडांचं, काय करायचं ते मात्र मला अजून कळलेलं नाही. कुळागरातून येतात, कळ्या तोडतात, चावून टाकतात. खातही नाहीत. एकदा पांढऱ्याचा टबच पिंपाबाहेर काढून ठेवला होता. काकांच्या मते त्यांना शेणखताचा राग आहे.

नोव्हेंबरात दोणीतल्या तुकड्याची विभागणी केली. बोटभर लावला होता, तो हातभर झाला होता, चार फाटे फुटून. प्रत्येक फाट्याचं वाढतं टोक ठेवून मागे तीन-चार इंच कंद राखला, बाकीचा जुना, मुळं झडलेला भाग टाकला. टाकला म्हणजे उन्हात वाळवून जाळला. काकी तो पाटात सोडायला निघाल्या होत्या, मी जवळजवळ धावत जाऊन अडवलं. पाट शेतांकडे जातो, शेतं ओढ्याकडे. मेक्सिकोकडचं पिवळं कुमुद दक्षिण आफ्रिकेच्या पाण्यात घुसून डोकेदुखी झालंय, आणि पिवळ्या हार्डींच्या घराण्यात त्याचंच रक्त आहे. जलपर्णीने काय केलं ते आपण बघतोच आहोत.

पांढरा पुन्हा कापला, पुन्हा नव्या चिखलात लावला. या खेपेला काकांनी स्वतः वायंगणातून चिखल आणला आणि कुणाला काही बोलले नाहीत. जानेवारीत त्याने पहिलं फूल दिलं, छोटं, पण वासाचं.

राहिला तळीतला पिवळा. दीड तासाच्या उन्हात तो फुलणार नाही हे मी लिहून द्यायला तयार होतो. पानं छान आली, हिरवी, त्यावर तांबूस डाग असलेली, तळीच्या कोपऱ्यात पसरली. फेब्रुवारीत भिरंडीची एक फांदी छाटली तेव्हा ऊन थोडं वाढलं, अडीच तास असेल. क्रोमाटेला ही जात सावली इतरांपेक्षा बरी सोसते असं म्हणतात. चिठ्ठी खरी असेल तर तेच कारण. त्याने दोन फुलं दिली. दोणीतल्या गुलाबीने तोवर किती दिली ते मोजायचं काकींनी सोडून दिलं होतं.

मी म्हटलं, आता हा टबही अंगणात आणू, दहा पट फुलेल. काका नको म्हणाले. बारा वाजता सुपारीच्या फटीतून ऊन तळीवर उतरतं तेव्हा ते तिथे चिऱ्यावर पान खात बसतात. परवा गेलो तर मलाही शेजारी बसवून घेतलं. तिसरी कळी पाण्याखाली टोक वर करून होती.

"उद्या," काका म्हणाले. मी म्हटलं परवा.